वाकडा कणा आणि वाढते वय

शाळेचा नवा गणवेश शिवावयास टाकला, की माप घेता घेता शिंप्याच्या ध्यानात येते, मुलीचा एक खांदा दुसऱ्याहून बोटभर खाली आहे. कधी वेणी घालताना आईला दिसते, की उजव्या अंगाचे खांद्याचे पाते पाठीवर जरा अधिकच वर आले आहे, किंवा परकराची कड एका बाजूला उतरते आहे. घरात प्रथम होते ते एवढेच, की ‘ताठ बस’, ‘ताठ उभी राहा’ असा जप सुरू होतो, दप्तराच्या ओझ्याला दूषणे दिली जातात आणि आजी तेल लावून पाठ चोळू लागते. मुलगी बिचारी ताठ उभी राहते. खांदा मात्र खाली राहावयाचा तो राहतोच. पुढे केव्हातरी क्ष-किरण प्रतिमा काढली जाते, डॉक्टर तीवर पट्टी धरून दोन रेघा ओढतात आणि सांगतात, ‘स्कोलिओसिस आहे. कोन अठरा अंशांचा. तूर्त काही करावयाचे नाही. सहा महिन्यांनी घेऊन या.’

या शेवटच्या दोन वाक्यांनी कित्येक घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, काही करावयाचेच नाही तर दुखणे कसले? पुन्हा जावयाचे तरी कशाला? दुसरा म्हणतो, कणा वाकला आहे हे दिसत असताना हात जोडून बसावयाचे, हे कसले वैद्यक? पहिला तट पुन्हा डॉक्टरकडे फिरकत नाही. दुसरा हाडवैद्यापासून मुंबईच्या मोठ्या इस्पितळापर्यंत सर्वत्र फिरतो. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ दोघांनाही पोहोचलेला नसतो, आणि तो समजावून सांगण्याइतका वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात क्वचितच कोणाला मिळतो. म्हणून तो विषय आज या स्तंभात घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पाठीचा कणा बाजूने पाहिला असता मुळात सरळ नसतोच. मानेला, पाठीला आणि कमरेला त्याचे नैसर्गिक बाक असतात. मागून पाहिला असता मात्र तो ओळंब्यासारखा सरळ दिसला पाहिजे. तसा तो न दिसता डावीउजवीकडे वळलेला असेल, आणि त्या वळणाबरोबर मणके स्वतःभोवती पिळवटलेले असतील, तर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. मणक्यांच्या या पिळामुळे त्यांना जोडलेल्या बरगड्याही मागे ढकलल्या जातात आणि पाठीच्या एका अंगाला उंचवटा येतो. आपल्याकडे ‘कुबड’ या एकाच शब्दात सारे काही कोंबण्याची सवय आहे. परंतु क्षयाने मणका कुजून पाठ पुढे वाकते तो प्रकार निराळा, म्हातारपणी हाडे ठिसूळ होऊन येणारा बाक निराळा आणि हा निराळा. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ साली या वक्रतेचे माप घेण्याची रीत घालून दिली. वळणाच्या वरच्या टोकाचा सर्वाधिक कललेला मणका आणि खालच्या टोकाचा तसाच मणका घ्यावयाचा, एकाच्या वरच्या आणि दुसऱ्याच्या खालच्या कडेने रेघ ओढावयाची, आणि त्या रेघांमधला कोन मोजावयाचा. दहा अंश वा अधिक भरला तर स्कोलिओसिस. त्याखालचे वळण ही सर्वसामान्य शरीराचीच एक तऱ्हा समजतात.

दोन अंगे तंतोतंत सारखी असलेले शरीर विधात्याने फारसे घडवलेलेच नाही. तरीही वाकड्या अंगाविषयी माणसाच्या मनात फार जुना किंतु आहे. शेक्सपिअरने इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड कुबडा आणि म्हणूनच जणू दुष्ट असा रंगवला. २०१२ साली लेस्टर शहरात एका मोटारतळाखाली त्या राजाचा सांगाडा सापडला. २०१४ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आढळले की त्याला कुबड मुळीच नव्हते, होता तो स्कोलिओसिस. साठांहून अधिक अंशांचा, आणि बहुधा वयाच्या दहाव्या वर्षानंतर उद्भवलेला. अंगात बेताने शिवलेला अंगरखा असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता. आपल्या परंपरेने या बाबतीत अधिक मोठे मन दाखवले आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्राला जनकाच्या सभेत ज्ञानाचे आसन मिळाले. भागवतातील मथुरेच्या त्रिवक्रेचे, म्हणजे कुब्जेचे, पाय आपल्या पायांनी दाबून आणि हनुवटी दोन बोटांनी उचलून श्रीकृष्णाने तिला सरळ केले. कण्यास ताण देऊन तो सरळ करण्याच्या उपचाराचे हे जुने चित्र म्हणून अस्थिरोगतज्ज्ञही या कथेचा उल्लेख करतात. कथेत एका क्षणात झाले ते व्यवहारात होत नाही, एवढाच काय तो फरक.

या मोठ्या मनाचा वारसा आपण घरात किती सांभाळतो, हा प्रश्न आहे. मुलाचा खांदा वाकडा दिसला तर त्याला दाखवावयास नेतात. मुलीचा दिसला तर पुष्कळदा झाकतात. ओढणी जरा सैल घ्यावयास शिकवतात, चोळीचे माप बदलतात, शेजारणीला कळू देत नाहीत. उद्या स्थळे पाहू लागल्यावर काय सांगावयाचे, ही धास्ती त्यामागे असते. आणि दुर्दैव असे, की ज्या दोनतीन वर्षांत पाहणे आवश्यक असते नेमकी तीच वर्षे या झाकाझाकीत जातात. थोड्या अंशांची वक्रता मुलांत आणि मुलींत जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळते. परंतु वाढत जाऊन उपचारांपर्यंत पोहोचणारी वक्रता मुलींत कित्येक पटींनी अधिक असते. ज्यांचे झाकले जाते, त्यांनाच तपासणीची गरज अधिक आहे.

कारणांची चर्चा फार लांबवण्याचे प्रयोजन नाही, कारण दहांतील आठ रुग्णांत कारण सापडतच नाही. उरलेल्यांत जन्मतःच मणका अर्धवट घडलेला असणे, स्नायूंचे वा मज्जातंतूंचे आजार, क्वचित काही आनुवंशिक व्याधी ही कारणे असतात. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचे कणे वाकत, हे आमच्या पिढीने पाहिलेले आहे. जानेवारी २०११ नंतर या देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही, तेव्हा ते कारण आता पूर्वी पोलिओ होऊन गेलेल्यांच्या शरीरापुरते उरले. अज्ञात कारणाच्या प्रकारात आनुवंशिकतेचा हात आहे एवढे निश्चित. आईला वा बहिणीला असेल तर धाकटीची पाठ पाहावी. दप्तराने, वाकून बसण्याने, एका कुशीवर निजण्याने स्कोलिओसिस होत नाही. आईबापांनी स्वतःला बोल लावून घेण्याचे, आणि मुलीला तर मुळीच लावण्याचे, कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. हा वाकडेपणा पुढे वाढतो की नाही? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. परंतु ते केवळ नशिबावर सोपवण्याइतके गूढही राहिलेले नाही. वाकडेपणा वाढतो तो मुख्यतः शरीराच्या वाढीबरोबर. वेलीला वाढीच्या दिवसांत जसे वळण लागते आणि पुढे जून झाल्यावर ते फारसे बदलत नाही, तसेच काहीसे हे आहे. आज कोन किती, या प्रश्नाइतकाच ‘मुलीची वाढ किती शिल्लक आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील लॉन्स्टाइन आणि कार्लसन या दोघा डॉक्टरांनी ७२७ मुलामुलींचा माग ठेवून १९८४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आजही या विषयातील आधारस्तंभ मानले जातात. वाढीचा मोठा टप्पा अजून व्हावयाचा आहे आणि कोन २० ते २९ अंशांचा आहे, अशा मुलांपैकी ६८ टक्क्यांचा कोन पुढे वाढला. तोच कोन, पण वाढ बरीचशी उरकलेली, अशांत हे प्रमाण २३ टक्क्यांवर आले. २० अंशांखालचा कोन आणि वाढ शिल्लक, तर २२ टक्के. २० अंशांखालचा कोन आणि वाढ सरत आलेली, तर दोन टक्क्यांहूनही कमी. अठरा अंश हा आकडा अकरा वर्षांच्या, अजून पाळी न आलेल्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट सांगतो आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत अगदी दुसरी. शेजारच्या घरातील मुलीला डॉक्टरांनी काहीच दिले नाही आणि आपल्या मुलीला मात्र पट्टा सांगितला, यावरून संशय धरणाऱ्या पालकांनी ही आकडेवारी एकवार शांतपणे वाचावी.

वाढ किती उरली हे कसे ओळखावयाचे? डॉक्टर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर हळूहळू हाड धरत जाणारी पट्टी पाहतात. रिसर या डॉक्टरांच्या नावाने तिचे शून्य ते पाच असे टप्पे केलेले आहेत. शून्य म्हणजे पट्टी अजून दिसूच लागली नाही, पाच म्हणजे ती पूर्णपणे हाडाशी एकजीव झाली. हल्ली हाताच्या हाडांची प्रतिमाही त्यासाठी पाहतात. पण त्याहून सोपी खूण प्रत्येक आईला ठाऊक असते. मुलगी सर्वांत झपाट्याने उंच होते ती पहिली पाळी येण्याच्या आधीच्या सहा महिने ते वर्षभरात. पाळी सुरू झाल्यावर वाढीचा वेग उतरतो आणि साधारण दोन वर्षांत उंची थांबते. कण्याच्या दृष्टीने धोक्याचा काळ तो हाच. मुलांत हा काळ दोनेक वर्षे उशिरा येतो. आमच्याकडे पुष्कळदा वडील मुलीला घेऊन डॉक्टरांपुढे बसतात, आणि पाळी कधी आली या साध्या प्रश्नावर बापलेक दोघेही मान खाली घालतात. त्या एका तारखेवर पुढील दोन वर्षांचा निर्णय अवलंबून असतो, तेव्हा आईने सोबत जावे, निदान तारीख लिहून द्यावी. भिंतीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा करून तारखा टाकण्याची जुनी पद्धत काही घरांत आहे. त्या खुणाही डॉक्टरांना उपयोगी पडतात.

आणि वाढ थांबल्यावर? येथे आयोवा विद्यापीठाने केलेले काम अजोड आहे. १९३२ ते १९४८ या काळात तेथे तपासलेल्या, परंतु काहीही उपचार न झालेल्या रुग्णांचा त्या इस्पितळाने पन्नास वर्षे पाठपुरावा केला. डॉक्टर बदलले, निवृत्त झाले, पण वही चालू राहिली. वाइनस्टाइन आणि पोन्सेटी यांनी १९८३ साली या रुग्णांवरून दाखवून दिले, की वाढ पुरी होताना कोन ३० अंशांच्या आत असेल तर तो पुढे बहुधा वाढत नाही. पाठीच्या भागातील कोन ५० ते ७५ अंशांचा असेल तर तो वर्षाला सुमारे एक अंश या गतीने वाढत राहतो. ही गती किरकोळ वाटते. पण सोळाव्या वर्षी पन्नास अंश असलेली मुलगी पंचेचाळिशी गाठेपर्यंत ऐंशीच्या घरात जाऊ शकते, हा त्याचा हिशेब. पन्नास अंशांच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार का करतात, हेही यावरून उमगेल.

या रुग्णांचे पुढे झाले काय? १९६८ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी फार भयाण चित्र रंगवले होते: अकाली मृत्यू, अपंगत्व, अविवाहित राहिलेल्या स्त्रिया. पण त्यांत पोलिओग्रस्त, जन्मजात दोषाचे, बालवयातले असे सारेच रुग्ण एका मोटेत बांधलेले होते. आयोवाच्या ११७ रुग्णांची तुलना त्याच वयाच्या ६२ सर्वसामान्य व्यक्तींशी करून २००३ साली जो अहवाल आला, त्याने ते चित्र बरेच पुसून टाकले. किशोरवयात सुरू झालेल्या, उपचार न झालेल्या या माणसांचे आयुर्मान इतरांइतकेच होते; नोकऱ्या, संसार, मुलेबाळे सारे काही त्यांनी केले. जुनाट पाठदुखी मात्र त्यांच्यात अधिक, ६१ टक्क्यांत, तर इतरांत ३५ टक्क्यांत. धाप लागण्याचा त्रास ऐंशी अंशांपलीकडच्या पाठीच्या वक्रतेत दिसला. आणि आपल्या दिसण्याविषयीची खंत पुष्कळांनी बोलून दाखवली. गरोदरपणाने वक्रता बळावते ही आपल्याकडची दृढ समजूतही बहुतेक अभ्यासांत टिकलेली नाही. शंभर मीटर अंतर २००९ साली ९.५८ सेकंदांत कापणाऱ्या यूसेन बोल्टचा कणा वाकडा आहे, हे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. स्थळ पाहणाऱ्यांनी आणि दाखवणाऱ्यांनी याची नोंद घेतली तर कित्येक मुलींचे ओढणीमागचे दडपण कमी होईल.

मात्र हा दिलासा दहा वर्षांनंतर सुरू होणाऱ्या प्रकारापुरताच आहे, हे विसरू नये. पाच वर्षांच्या आत वाकू लागणाऱ्या कण्याची गोष्ट अगदी निराळी. त्या वयात फुप्फुसे अजून घडत असतात, छातीचा पिंजरा पिळवटला तर ती घडत नाहीत, आणि अशा मुलांचे आयुष्य खरोखरच उणावते. तेथे सहा महिने काय, सहा आठवडेही घालवू नयेत. तसेच रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा वा बधिरता, लघवीवरचा ताबा सुटणे, पाठीच्या भागातील वळण नेहमीप्रमाणे उजवीकडे नसून डावीकडे असणे, किंवा काही महिन्यांत कोन झपाट्याने वाढणे, यांपैकी काही असेल तर मज्जारज्जूत काही दोष नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय करून घ्यावा लागतो.

‘लक्ष ठेवणे’ हाही एक उपचार आहे, आणि त्याला शिस्त आहे. वाढीच्या भरात चारसहा महिन्यांनी, पुढे वर्षाने, अशी ती तपासणी असते. कॉबच्या मापात तज्ज्ञांच्या हातूनही पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. सकाळचा आणि संध्याकाळचा कोनही थोडा निराळा येतो. गेल्या वेळी अठरा, या वेळी एकवीस, म्हणून घरात रडारड करण्याचे कारण नाही, आणि एकविसाचे अठरा झाले म्हणून कोणा मालिशवाल्याला श्रेय देण्याचेही नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नजर ठेवण्यालाही किंमत पडते. १९१२ ते १९६५ या काळात अमेरिकेत स्कोलिओसिसचे निदान झालेल्या साडेपाच हजारांवर स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या प्रत्येकीच्या सरासरी पंचवीस क्ष-किरण प्रतिमा घेतल्या गेल्या होत्या, आणि स्तनाच्या कर्करोगाने झालेले त्यांच्यातील मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे सत्तर टक्क्यांनी अधिक होते. आजची यंत्रे त्या काळाच्या मानाने फारच थोडे किरण वापरतात, आणि किरण पाठीकडून सोडले असता छातीला ते आणखी कमी पोहोचतात. तरीही मनाच्या समाधानासाठी दर दोन महिन्यांनी प्रतिमा काढून मागणाऱ्या पालकांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. आणि गावोगावच्या ज्या केंद्रांत मागितले की काढून मिळते, त्यांनीही.

लक्ष ठेवण्यास अर्थ केव्हा? जे दिसेल त्यावर काही करता येत असेल तेव्हाच. येथे बरीच वर्षे डॉक्टरांमध्येच दुमत होते. पट्टा, म्हणजे धड घट्ट धरून ठेवणारा ब्रेस, खरोखर उपयोगी पडतो काय, याविषयी खात्रीचा पुरावा नव्हता. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआझ पारेने लोखंडाचे कवच घडवून दिले होते. विसाव्या शतकात हनुवटीपर्यंत जाणारा मिलवॉकी पट्टा आला, मग कपड्यांखाली लपणारे प्लॅस्टिकचे पट्टे आले. श्रद्धा होती, पुरावा नव्हता. तो २०१३ साली आला. अमेरिका आणि कॅनडातील २४२ मुलामुलींवर केलेल्या चाचणीत, वाढ शिल्लक असलेल्या व २० ते ४० अंशांची वक्रता असलेल्या मुलांपैकी पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्क्यांचा कोन वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. दिवसातून तेरा तासांच्या आसपास वा त्याहून अधिक पट्टा घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेले.

त्या ४८ टक्क्यांकडेही पाहावे. पट्टा न घालताही जवळजवळ निम्मी मुले शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याआधीच थांबली. ती कोणती, हे आधी ओळखण्याची विद्या अजून हाती आलेली नाही. म्हणूनच पट्टा सरसकट दिला जात नाही. २५ अंशांपलीकडे गेलेला, वाढत असलेला कोन आणि शिल्लक वाढ, हे पाहून तो दिला जातो. ही तिन्ही गोष्ट कळण्यासाठी त्या आधीचे ‘सहा महिन्यांनी या’ पाळलेले असावे लागते. चाळीस अंश झाल्यावर धावत येणाऱ्या मुलीला पट्ट्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. आमच्या किनारपट्टीच्या दमट उन्हाळ्यात अठरा तास प्लॅस्टिकचा पट्टा घालणे ही शिक्षा आहे, हे आम्ही जाणतो. आतून सुती गंजी, वारंवार बदल, घामोळ्यांची काळजी, शाळेत मुख्याध्यापिकेला विश्वासात घेणे, हे सारे करावे लागते. पट्टा कपाटात आणि मुलगी शाळेत, असा प्रकार असेल तर तो न घेतलेलाच बरा. पैसे तरी वाचतील.

पन्नास अंशांपलीकडच्या वाढत्या वक्रतेला शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेतील पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली धातूच्या कांबीची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती खूप पुढे गेली आहे. मणक्यांत स्क्रू बसवून कांबींनी कणा धरतात आणि तेवढा भाग एकसंध होऊ देतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि तिचा निर्णय कुटुंबाने तज्ज्ञाबरोबर बसूनच घ्यावा. व्यायामाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. योगासने, पोहणे, खेळ यांनी पाठ बळकट व लवचीक राहते, वक्रता असलेल्या मुलीने ते सर्व अवश्य करावे. जर्मनीतील काथारिना श्रोथ यांनी, ज्यांचा स्वतःचा कणा वाकडा होता, घालून दिलेल्या विशिष्ट व्यायामांनी काही अंशी लाभ होतो असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. परंतु पट्ट्याइतका भक्कम पुरावा यांपैकी कशाच्याही मागे नाही. आणि मणके ‘बसवून’ देणाऱ्यांच्या मागे तर कसलाच नाही.

राहता राहिला प्रश्न शाळेतील तपासणीचा. जपानने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शालेय तपासणी कायद्याने लागू केली. ब्रिटन सरसकट तपासणीची शिफारस करीत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारविषयक शासकीय तज्ज्ञगटाने २००४ साली ती करू नये असे म्हटले, आणि २०१८ साली मत बदलून, होय वा नाही म्हणण्यास पुरावा अपुरा आहे असे सांगितले. तेथील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटना मात्र मुली दहाव्या व बाराव्या वर्षी आणि मुलगे तेरा-चौदाव्या वर्षी एकदा तपासावेत, असे म्हणतात. विरोधकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. हजार मुलांत दहा अंशांवर वक्रता असणारी वीस ते तीस निघतात. चाळीस अंशांपलीकडे जाणारे त्यांतले जेमतेम एक. बाकीच्यांच्या वाट्याला येरझारा, क्ष-किरण आणि घोर. पेडण्याहून वा काणकोणहून, सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गाहून बांबोळीला यावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हेही त्या हिशेबात धरावे लागेल.

आमचे मत असे, की कायद्याचा बडगा आणि हजारोंच्या रांगा यांची गरज नाही. पण पाचवी ते आठवीच्या मुलींची पाठ वर्षातून एकदा कोणीतरी जाणत्या स्त्रीने पाहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक शाळेत येतेच. त्यात एका मुलीमागे अर्धे मिनिट पाठीसाठी काढावे, व संशय आल्यास इस्पितळाऐवजी प्रथम तालुक्याच्या आरोग्य केंद्रातच दुसऱ्यांदा पाहून मग पुढे पाठवावे, म्हणजे फुकटचे हेलपाटे टळतील.

पाहण्याची रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली ती सांगितली. इग्वानोडॉन या प्रचंड सरड्याचा शोध लावणारे गिडियन मँटेल आयुष्याची अखेरची वर्षे पाठीच्या असह्य वेदनांत जगले. त्यांच्या पाठीत गाठ आहे असा समज होता. १८५२ साली ते वारल्यावर शवविच्छेदनात आढळले, की ती गाठ नव्हे, पिळवटलेला कणा आहे. तो कणा पाहणाऱ्यांत ॲडम्स होते. मुलीने पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकावयाचे; मागे बसून तिच्या पाठीच्या रेषेत नजर ठेवावयाची. एका अंगाच्या बरगड्या किंवा कमरेचा भाग दुसऱ्याहून उंच दिसला, तर दाखवावयास न्यावे. उभे राहिल्यावरचा खांद्याचा तिरकसपणा वाकल्यावर दिसेनासा झाला आणि पाठ दोन्हीकडे समतल राहिली, तर तो बहुधा केवळ उभे राहण्याच्या सवयीचा. खर्च काही नाही. आई घरीही हे पाहू शकते, वाढीच्या वर्षांत दर दोनतीन महिन्यांनी. रोज पाहून मुलीला हैराण करू नये.

वाढ संपल्यावर ३० अंशांच्या आतल्या व्यक्तीला नियमित तपासणीची गरज उरत नाही. त्यावरच्यांनी काही वर्षांच्या अंतराने, आणि ५० च्या आसपासच्यांनी अधिक जवळच्या अंतराने दाखवीत राहावे. पन्नाशीनंतर झिजेमुळे कमरेतील वळण नव्याने वाढू लागते, हेही ध्यानात असावे. आणि जाताना जुनी प्रतिमा सोबत न्यावी. पहिल्या प्रतिमेशी ताडून पाहिल्याखेरीज आजच्या कोनाचा अर्थ लागत नाही. लग्न होऊन मुलगी सासरी जाते, तिची फाईल माहेरच्या पेटाऱ्यात राहते, आणि आमच्या पावसाळ्यात त्या जुन्या फिती एकमेकींना चिकटून जातात. ज्यांच्याकडे अजून तशा फिती असतील त्यांनी कोरड्या दिवसांत त्या बाहेर काढून, उजेडासमोर धरून त्यांचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येकीवर तारीख, वय व कोन लिहून ठेवावा.